दहा दिवसांच्या गोळ्या : कळमन्याजवळच्या एका वस्तीचा प्रकरण अभ्यास

पूर्व नागपुरात, कळमना मार्केटच्या पलीकडे रेल्वे लाईनला लागून एक वस्ती आहे. तिचं नाव इथे देत नाही. माहिती द्यायला तयार होताना बायकांनी घातलेली ती पहिली अट होती. वस्तीतले बरेच पुरुष मार्केटात हमाली करतात, काही मालाचे टेम्पो चालवतात. बायका मिरचीचे देठ खुडायला जातात. भिवापूर पट्ट्यातली आणि आंध्र-तेलंगणातून ट्रकने आलेली लाल मिरची इथे उतरते. ढिगाशी बसून एकेका मिरचीचा देठ काढायचा, तोंडाला दुपट्टा बांधलेला, तरी खोकला थांबत नाही आणि रात्री हातांची आग होते. मजुरी किलोवर. सकाळी लवकर बसलं तर वजन वाढतं, मधेच उठून गेलं तर तेवढे किलो गेले. या कामाला पगारी सुट्टी नाही, अर्धी रजा नाही आणि हजेरीचा कागदही नाही.

वस्तीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा साधारण ५० हजार लोकसंख्येमागे असं एक केंद्र हे प्रमाण ठरलं. त्या हिशेबाने ही वस्ती ‘सेवेच्या कक्षेत’ येते. तपासणी फुकट, बीपी-शुगर मोजणं फुकट, गोळ्या फुकट. तरीही रक्तदाबासाठी नाव नोंदवलेल्या बायका एक-दोन खेपांनंतर येईनाशा होत होत्या. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे एकच शेरा होता : अनियमित.

हा प्रश्न सगळ्यात आधी केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी विचारला. आढावा बैठकीत त्यांना दर वेळी याचं उत्तर द्यावं लागत होतं. जनऔषधशास्त्रातल्या, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या, आमच्या गटाकडे त्या आल्या आणि सरळ म्हणाल्या की नोंद झालेले पेशंट गोळ्या न्यायला परत का येत नाहीत, ते शोधून द्या.

अशा प्रश्नाचं एक तयार उत्तर आपल्याकडे असतं : ‘जनजागृतीचा अभाव’. हे शब्द मी इतक्या अहवालांत वाचले आहेत की ते दिसले की पुढचं पान वाचावंसं वाटत नाही, कारण तिथे शोध संपलेला असतो आणि दोष पेशंटच्या पदरात पडलेला असतो. रक्तदाबाच्या बाबतीत तर ते फार सहज पटतं. १४०/९० च्या वर गेलेला दाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. गोळी बंद केली तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही. काही वर्षांनी अर्धांगवायू होतो, किडनी जाते, तेव्हा माणूस मेयोत किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत, भरती होतो आणि घरचं होतं नव्हतं ते खर्चाला लागतं. त्यामुळे ‘यांना कळत नाही’ असं म्हणणाऱ्याला खोडून काढायला कुणी पुढे येत नाही.

हे काम त्या बायकांनाच बरोबर घेऊन करायचं ठरवलं. विदर्भात हा विचार नवा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवरचा त्यांचा शोधनिबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन इतकंच धरलं जात होतं. त्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बायकांच्या हाती प्राथमिक आरोग्यसेवा दिली होती. अमेरिकेत बार्बरा इस्रायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा संशोधनाची तत्त्वं मांडली : समाज हा संशोधनाचा विषय नाही, भागीदार आहे, प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष वापरण्यापर्यंत त्याचा वाटा असला पाहिजे. कागदावर हे सोपं दिसतं. वस्तीत पहिली अडचण सतरंजी कुठे अंथरायची इथूनच सुरू होते.

बसायचं कुठे, खडू कुणाच्या हातात

वस्तीत समाजमंदिर आहे, बुद्धविहार आहे, अंगणवाडीची खोली आहे आणि मागच्या गल्लीत एक छोटा मदरसा. समाजमंदिरात बैठक घेतली की एका गल्लीच्या बायका येत, विहारात घेतली की दुसऱ्या. कुणी कुणाला अडवत नव्हतं, पण पाय वळत नव्हते. शेवटी बैठक फिरती ठेवली. एका ठिकाणी बसून ‘वस्तीचं मत’ गोळा केलं असतं तर ते एका गल्लीचं मत झालं असतं.

माहिती गोळा करायला वस्तीतल्याच काही जणी पुढे आल्या : बचत गटातल्या, महिला आरोग्य समितीतल्या आणि बारावी होऊन घरी बसलेल्या दोन मुली. पहिल्याच दिवशी मानधनाचं बोलणं झालं. मिरचीचं काम सोडून या येणार, तर बुडालेल्या किलोंचे पैसे मिळालेच पाहिजेत. संशोधन प्रकल्पांत प्रवासखर्च, छपाई, चहापाणी असे रकाने असतात आणि वस्तीतल्या माणसाच्या वेळेसाठी मात्र ‘स्वयंसेवक’ हा शब्द असतो. गरिबाचा वेळ फुकट धरून विषमतेवर संशोधन करणं मला पटत नाही. आम्ही तो रकाना सुरुवातीलाच घातला.

मग नकाशा. अंगणवाडीच्या फरशीवर खडूने वस्ती काढली : रेल्वे लाईन, नाला, नळकोंडाळं, पिंपळ, दवाखान्याकडे जाणारा रस्ता. बचत गटाच्या अध्यक्ष मावशींनी भराभर घरं मांडली. त्यांचं झाल्यावर त्या दोन मुलींपैकी एकीने खडू घेतला आणि नाल्याच्या काठाला आणखी एक ओळ काढली. त्या भाड्याच्या खोल्या होत्या. बालाघाट, सिवनी, छिंदवाड्याकडून हंगामाला येणारी कुटुंबं तिथे राहतात. मावशी म्हणाल्या, “ते आपले नाही वं, ते जातात परत.” मुलगी म्हणाली, “मावशी, ती गोंडाची बाई तीन वर्षांपासून इथंच हाय.”

या प्रकरणातली ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. ‘समाज’ हा शब्द आपण असा वापरतो, जणू सगळे एका ताटात जेवतात. जागेचा पट्टा मिळालेलं घर, नझूलच्या (सरकारी) जागेवरचं घर आणि भाड्याची खोली या तिघांचा दवाखान्याशी असलेला संबंध वेगळा असतो. खोलीवाल्यांकडे इथलं रेशनकार्ड नसतं, आशाताईंच्या यादीत नाव नसतं, आणि नाव नसलं की ‘अनियमित’ हा शेरासुद्धा मिळत नाही. रजिस्टर पाहणाऱ्याला ती माणसं दिसतच नाहीत. त्या दिवसापासून नाल्याकाठच्या खोल्या यादीत आल्या आणि तिथली एक बाई माहिती गोळा करणाऱ्या गटात आली.

बीपी मोजण्याचं प्रशिक्षण केंद्राच्या एएनएम (आरोग्यसेविका) ताईंनी दिलं. कामावरून आल्या-आल्या मोजायचं नाही, पाच मिनिटं टेकून बसू द्यायचं, पट्टा लुगड्यावरून बांधायचा नाही, एकाच वेळच्या आकड्यावर कुणाला पेशंट ठरवायचं नाही. यात एक नियम बायकांनी स्वतःहून घातला. मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचायचा नाही. चिठ्ठीवर लिहून तो फक्त त्या बाईला दाखवायचा. सासूसमोर, शेजारणीसमोर आकडा निघाला की ‘हिला तर बीमारी हाय’ असं होतं, आणि देठ खुडायला नेणारी मुकादमीण दुसऱ्या दिवशी तिला न्यायला का-कू करते. आमच्या संमतीपत्रात गोपनीयतेचं कलम होतंच, नीतिमत्ता समितीने ते तपासलंही होतं. पण माहिती बाहेर कशी फुटते आणि फुटल्यावर नेमकं कुणाचं काय जातं, हे त्या कलमात नव्हतं.

चिंचोक्यांचा हिशेब

गोळ्या का सुटतात यावर गप्पा पुष्कळ झाल्या. कुणी म्हणायचं विसरतं, कुणी म्हणायचं बरं वाटतं म्हणून सोडली, कुणी म्हणायचं एकदा चालू केली की जन्मभर घ्यावी लागते या भीतीने. हे सगळं खरंच होतं, आणि ‘जनजागृतीचा अभाव’ या खान्यात घालता येईल असंही होतं. मग एका संध्याकाळी विहारात एकीने डब्यातले चिंचोके आणले.

एक चिंचोका म्हणजे कामाचा एक तास, असं ठरलं. दवाखान्यात एकदा जाऊन यायला किती? लाईन ओलांडून चालत जाणं, मालगाडी उभी असेल तर थांबणं, चिठ्ठीची रांग, मॅडमची रांग, औषधाची रांग, परत येणं. एवढ्यात कामाची सकाळ गेलेली असते, आणि सकाळीच ढिगाशी जागा मिळालेली नसेल तर दुपारी काम मिळत नाही. म्हणजे गेला तो अख्खा दिवस. त्यांनी फरशीवर एका खेपेसाठी चिंचोक्यांचा एक ढीग मांडला. मग शेजारी दुसरा. मग तिसरा.

मी विचारलं, तीन ढीग कशाचे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. गोळ्या दहा दिवसांच्या मिळतात. महिन्याला तीन खेपा.

समोर तीन ढीग मांडलेले, आणि ज्या बाईचं नाव रजिस्टरमध्ये दोनदा ‘अनियमित’ म्हणून आलं होतं ती म्हणाली, “आमी कामावर जाऊन राहिलो तवा दवाखाना बंद, आन् परत येतो तवाबी बंद. तीन दिवस बुडवून दहा-दहा गोळ्या आणाच्या. मंग अनियमित कोण जी?”

रक्तदाबावरची ॲम्लोडिपिनची साधी गोळी स्वस्त आहे. तीन दिवसांच्या मजुरीपेक्षा तर फारच स्वस्त. म्हणून हातात पैसे असले की बायका औषधाच्या दुकानातून चार-चार सुट्या गोळ्या घ्यायच्या, नसले की थांबायच्या. घरात कुणाची तरी तीच गोळी असली तर अर्धी-अर्धी वाटून घ्यायच्या. ज्यांना आपण उपचार सोडलेल्या म्हणत होतो त्यांतल्या बऱ्याच जणी तुकड्या-तुकड्याने, स्वतःच्या खर्चाने गोळी घेत होत्या. आजार त्यांना कळत होता. फुकट दवाखाना त्यांना परवडत नव्हता.

चौकातला खासगी डॉक्टर रात्री दहापर्यंत बसतो, उधारी ठेवतो, घरच्यांची नावं त्याला पाठ आहेत. तो रक्तदाबावर जे देतो ते नेहमीच योग्य असतं असं नाही. सुई लावून दोन दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवणं हे काही रक्तदाबावरचे उपचार नव्हेत. पण बायका त्याच्याकडे का जातात याचं उत्तर त्याच्या दारावरच्या वेळेत आहे.

दहाच दिवसांच्या का?

इथे संशोधन थांबवता आलं असतं. मजूर बायकांची अडचण, सरकारी दवाखान्याची बेफिकिरी, असा एक अहवाल तयार झाला असता. पण बायकांनी चिंचोके मांडल्यावर पुढचा प्रश्नही त्यांनीच विचारला : गोळ्या दहाच दिवसांच्या का देतात?

मॅडमनी रजिस्टरं उघडून दिली. हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं. आपल्याच केंद्राची कागदपत्रं वस्तीतल्या बायकांसमोर ठेवायला धैर्य लागतं. औषधनिर्मात्याने साठ्याचं पुस्तक दाखवलं. मागच्या तिमाहीत जितक्या गोळ्या गेल्या, त्यावरून पुढच्या तिमाहीची मागणी धरायची, ही त्याची रीत. मधे एकदा साठा संपून ओरड झाली होती, तेव्हापासून सगळ्यांना पुरावं म्हणून तो दहा-दहा दिवसांच्याच देत होता. त्याच्या जागी त्याचं चुकत नव्हतं.

पण ही साखळी जोडून पाहिली की काय दिसतं? दहा दिवसांच्या गोळ्या म्हणून खेपा जास्त. खेपा जास्त म्हणून पेशंट गळतात. पेशंट गळतात म्हणून खप कमी दिसतो. खप कमी म्हणून मागणी कमी जाते, साठा कमी येतो आणि पुन्हा दहाच दिवसांच्या गोळ्या. ज्या बायका येत नव्हत्या त्यांची गरज कागदावर कुठेच चढत नव्हती. न येणारा माणूस मागणीत धरला जात नाही, आणि मागणीत धरला जात नाही म्हणून त्याला येता येत नाही. साठ्याचं पुस्तक आणि चिंचोके शेजारी ठेवल्याशिवाय हे कुणालाच दिसणार नव्हतं. औषधनिर्मात्याला वस्तीतला अर्धा भाग दिसत नव्हता, बायकांना कपाटाच्या आतला.

वेल्समधले डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलं आहे की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी मिळते. ते का घडतं याची मोठी कारणं आपण बोलतोच : निधी, रिकामी पदं, खासगीकरण. ती खरी आहेत. पण ही विषमता रोजच्या कामात कशी टिकून राहते ते या साठ्याच्या पुस्तकात दिसलं. कुणाच्या मनात वाईट नसतानाही ती टिकते.

पेन्चान्स्की आणि थॉमस यांनी १९८१ मध्ये ‘सेवा मिळणं’ याचे पाच पैलू मांडले : सेवा उपलब्ध आहे का, अंतर किती, खर्च झेपतो का, वागणूक पटते का, आणि सेवेची मांडणी लोकांच्या जगण्याला जुळते का. आपल्या आराखड्यांत पहिले दोन जास्त मोजले जातात, कारण ते नकाशावर दाखवता येतात. पाचवा मोजायला वस्तीत बसावं लागतं. नागरी आरोग्य अभियानाच्या मूळ आराखड्यातही केंद्र शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ चालावं असं म्हटलं होतं. म्हणजे कामकरी माणसाची वेळ धोरण लिहिणाऱ्यांच्या ध्यानात होती. ती वाटेत कुठे गळाली, हा प्रश्न विचारायला हवा.

बैठक

महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम झाला, सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत आपलं अमरावतीही होतं. त्यातली जनसुनावणी गटातल्या काही जणींना ठाऊक होती. इथे ती घ्यायची का, यावर चर्चा झाली. बायकांनी नको म्हटलं. मॅडम समोरच्या बाजूच्या नाहीत, त्यांना चारचौघांत उभं करून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी केंद्रातच बैठक मागितली आणि टेबलावर पुन्हा ते तीन ढीग मांडले. मग दोन ढीग उचलून बाजूला ठेवले.

तीस दिवसांच्या गोळ्या एकदम देणं ही काही नवी मागणी नव्हती. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्याचा तो पायाच आहे : ठरलेली उपचारपद्धती, सलग औषधपुरवठा, महिन्याच्या गोळ्या एकत्र, घराजवळ सेवा. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ज्या चार जिल्ह्यांत झाली त्यांत भंडारा आणि वर्धा आहेत, नागपूरच्या दोन्ही अंगांना. केंद्राने मागणीचा हिशेब बदलला. खपावरून नव्हे, तर वस्तीच्या यादीवरून, नाल्याकाठच्या खोल्या धरून. दाब आटोक्यात असलेल्यांना महिन्याच्या गोळ्या मिळू लागल्या.

संध्याकाळच्या ओपीडीचं जमलं नाही. माणसं नाहीत, हे उत्तर खरं होतं. आठवड्यातून एक संध्याकाळ एएनएम ताई वस्तीत बसतील इतकं ठरलं, आणि वार बायकांनी निवडला : मजुरीचा हप्ता मिळण्याचा दिवस, कारण त्या दिवशी हिशेबासाठी सगळ्या कामावरून लवकर उठतात.

मधे एक सूचना आली की आशाताईंनीच घरोघरी गोळ्या पोचवाव्यात. कागदावर हे सगळ्यांना सोयीचं होतं. याला विरोध वस्तीतल्या बायकांनीच केला. शहरात एका आशेकडे हजार ते अडीच हजार लोक असतात, मोबदला कामागणिक, आणि या कामाचा मोबदला ठरलेलाच नव्हता. किलोवर राबणाऱ्या बायकांना दुसऱ्या बाईचं फुकट काम लगेच ओळखू आलं. गोळ्यांचं वाटप त्या संध्याकाळच्या बैठकीतच होतं.

अजून काय राहिलं

रजिस्टरमधला ‘अनियमित’ हा शेरा या केंद्रापुरता गेला आहे. त्याजागी ‘का आली नाही’ असा रकाना आहे आणि तो विचारून भरायचा आहे. गर्दीच्या दिवशी तो रिकामा राहतो. साठा पुन्हा एकदा कमी आला होता, तेव्हा काही दिवस जुनीच रीत परतली. मॅडमची बदली झाली तर काय, ही भीती बायकांना आहे आणि ती रास्त आहे, कारण यातलं काहीही लेखी आदेशाने झालेलं नाही. तो आदेश मिळवण्यासाठी महिला आरोग्य समितीने झोन कार्यालयाला अर्ज दिला आहे. नकाशाची मूळ प्रत समितीकडे आहे, आमच्याकडे तिची नक्कल.

सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, विषय नकाशा काढतानाच वर आला होता. काही घरांवर बायकांनी लाल खूण केली, कारण तिथली पोरं दुखणं उठलं की केंद्र ओलांडून थेट मेडिकललाच नेतात. त्यांच्यासाठी केंद्राने काय करावं, हे वेगळं आणि मोठं काम आहे. ते या अभ्यासात घेतलं नाही.

पुरुष जवळजवळ सुटलेच. हमाल पहाटे निघतात आणि त्यांची परतायची वेळ ट्रकवर ठरते, त्यामुळे संध्याकाळच्या बैठकीत चार-दोनच येतात, तेही बायकोने ओढून आणलेले. त्यांचा दाब कुठे आणि कधी मोजायचा हे ठरवायला आता मार्केटातल्या हमालांचाच गट बनतो आहे. पोती उतरवण्याच्या जागेजवळ, चहाच्या टपरीला लागून, पहाटेच्या पहिल्या ट्रकाआधी बसावं असं त्यांनी सुचवलं आहे. एएनएम ताईंची ड्युटी त्या वेळेला कशी लावायची, यावर पुढची बैठक आहे.